साडेतीन टनांचं घर

गाडीत काय किती किलोचं आहे याची मी यादी केली होती. ती वही अजून माझ्याकडे आहे. सगळ्यात वर भाड्याच्या रिकाम्या गाडीचं वजन, मग कपाट, गाद्या, शिलाई मशीन, पुस्तकांची खोकी, बाबांची भट्टी आणि आईची भांडी व डबे मिळून सत्तर किलो. शेवटी बाबा, आई आणि मी, अशी तिघांचीही वजनं मांडली होती. बेरीज तीन हजार चारशे चाळीस. माझ्या परवान्यावर साडेतीन हजार किलोपर्यंतची गाडी चालवता येते. म्हणजे साठ किलो शिल्लक. ती बेरीज मला फार आवडली होती, हे कबूल करायला आज थोडं अवघड वाटतं. घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. माझ्या शिक्षणाचा घराला काही उपयोग झाला तो, मला वाटतं, त्या दिवशी पहिल्यांदा होणार होता.

आम्ही पाच वर्षं ग्योर्लित्सला राहिलो. जर्मनीच्या अगदी पूर्वेच्या टोकाचं गाव. स्वयंपाकघराच्या खिडकीतून नदी दिसायची आणि नदीपलीकडे पोलंड. बाबा मूळचे जालन्याचे. शाळा आठवीत सुटली, पुण्यातल्या हॉटेलांत ते तंदूरचं काम शिकले आणि तिथून ग्योर्लित्सच्या एका भारतीय हॉटेलात आचारी म्हणून आले. ते हॉटेल बंद पडलं. नवं काम मिळालं ते थेट देशाच्या दुसऱ्या टोकाला, आखनला, जिथे मी ऑक्टोबरपासून मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकत होते. सोमवारी बाबांना कामावर हजर व्हायचं होतं. पण इथे घराच्या पत्त्याशिवाय रहिवासाची सरकारी नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय आचाऱ्याच्या कामाच्या परवान्यावर नव्या मालकाचं नाव चढत नाही. सगळं घरावर अडलेलं होतं.

घर मी शोधलं होतं. किती दारं वाजवली ते आता सांगत बसत नाही. घरमालकीण सत्तरीच्या पुढची, आवाज कोरडा. ती म्हणाली होती, "शुक्रवारी चार वाजता. वडिलांना घेऊन या, नोकरीचं पत्र घेऊन या. करारावर सही झाली की किल्ल्या देते. साडेचारला दुसरं कुटुंब बघायला येतंय. तुम्ही नसलात तर घर त्यांचं."

म्हणून शुक्रवारी पहाटे पाचला आम्ही निघालो. गाडी चालवणार मी, कारण भारतातला परवाना इथे सहा महिनेच चालतो आणि बाबांनी इथली परीक्षा कधी दिलीच नाही. ती मराठीत नसते. मला परवाना मिळून पाच महिने झाले होते आणि एवढी मोठी गाडी मी कधीच चालवली नव्हती.

सामान चढवताना शेवटी एक पत्र्याची कोठी राहिली. मी एका हाताने उचलायला गेले आणि ती जमिनीवरून हलेना.

"आई, यात काय आहे?"

"काय असतं कोठीत? थोडे तांदूळ असतील."

"पण आपण रिकामी न्यायची ठरवली होती ना?"

"रिकामी भांडी घेऊन नव्या घरात शिरतात होय? शेजारणीची वाटीसुद्धा आपण रिकामी परत देत नाही," आई म्हणाली. "उचल. सकाळी सकाळी हिशेब नको."

मी दोन्ही हातांनी कोठी वर ढकलली. मनात म्हटलं, साठ किलो शिल्लक आहेत, एक कोठी चालेल. बाकीचे डबे हलवून बघायला हवे होते. मी बघितले नाहीत. विसरले असं नाही. बघितलं तर बोलावं लागेल, आणि बोललं तर आईचा चेहरा उतरेल, हे मला माहीत होतं. जुन्या घराच्या किल्ल्या बाबांनी घरमालकाच्या पत्रपेटीत टाकल्या. त्या तळाशी आपटल्याचा आवाज झाला आणि त्यानंतर आम्हाला परत फिरायला जागा उरली नाही.

ग्योर्लित्सहून आखनला एकच रस्ता जातो, ए-चार. तो मध्येच हेसेन राज्यात तुटतो आणि पुढे पुन्हा त्याच नावाने सुरू होतो. ड्रेस्डेन मागे पडलं तेव्हा पाऊस आणि बर्फ मिसळून पडायला लागलं. पुढच्या एकाच बाकड्यावर आम्ही तिघं, मध्ये आई, तिच्या मांडीवर कागदपत्रांची पिशवी. बाबांचा उजवा पाय सारखा खाली दाबला जात होता.

"बाबा, तिकडे ब्रेक नाहीये."

"मला माहितंय. पण तू उशिरा दाबायलीस."

"मी वेळेवर दाबतेय. गाडी उशिरा थांबतेय."

हे मी बोलले खरं, पण त्याचा अर्थ मनात पुढे जाऊ दिला नाही. उतारावर गाडी मागून कुणीतरी ढकलल्यासारखी धावायची. चढावर मालट्रक आम्हाला मागे टाकून जात होते. आणखी एक गोष्ट होती, ती मला फार नंतर कळली. मागे एवढी भांडी होती, पातेली, परात, कुकर, बादल्या, आणि चार तासांत एकदाही खडखडाट झाला नव्हता.

आयझेनाखच्या अलीकडे पोलिसांची गाडी आमच्या पुढे आली आणि तिच्या मागच्या काचेवर लाल अक्षरं पेटली: मागोमाग या. नऊ वाजले होते. त्यांनी आम्हाला महामार्गालगतच्या विश्रांतीतळावर नेलं. तिथे त्या दिवशी मालट्रकची तपासणी चालू होती आणि ड्रायव्हर रांगेत खोळंबले होते. एक वयस्क पोलीस आणि एक तरुण पोलीसबाई. त्यांनी चाकांखाली वजनाच्या चपट्या पाट्या सरकवल्या आणि मला गाडी अगदी हळू पुढे घ्यायला सांगितली.

"तर मग," पोलीस म्हणाला आणि आकडा दाखवला. तीन हजार सातशे नव्वद. "दोनशे नव्वद जास्त. साडेतीन हजारांच्या खाली आल्याशिवाय गाडी इथून हलणार नाही."

"पण मी बेरीज केली होती," मी म्हणाले आणि वही काढली. आता आठवलं की लाज वाटते, पण मी खरंच ती वही त्याच्यासमोर धरली. त्यानेही हसण्यावारी नेलं नाही. ओळीवरून बोट फिरवत तो भांड्यांपाशी थांबला.

"ही रिकामी धरलीत?"

"हो."

"आणि रिकामी आहेत?"

मी आईकडे वळले.

"काय म्हणायलेत ते?" आईने विचारलं.

"आई, तांदूळ कुठल्या डब्यांत आहेत?"

"सगळ्यांत."

"सगळ्यांत म्हणजे?"

"कोठ्यांत तांदूळ. कुकरमध्ये तूरडाळ, मोठ्या पातेल्यात हरभऱ्याची. बादल्यांत गव्हाचं पीठ." तिने मफलर सारखा केला. "हॉटेल बंद झालं तेव्हा पोती राहिली होती, ती सगळ्यांना वाटली ना. यांच्या वाटणीची मी भरून टाकली. पोती नेली असती तर तू ओरडली असतीस."

बाबा चाकाखालच्या पाटीकडे बघत होते. पोलिसाने फॉर्म काढला आणि माझा पत्ता विचारला, दंडाचं पत्र घरी येईल म्हणून.

एक पत्ता आम्ही पहाटे सोडला होता आणि दुसरा चार वाजेपर्यंत आमचा नव्हता. शेवटी मी माझ्या होस्टेलचा पत्ता दिला. तो लिहिताना त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, आणि मला वाटलं की आता मी रडणार. रडले नाही.

बाजूला जाऊन मी घरमालकिणीला फोन लावला. रस्त्यात अडकलोय, थोडा उशीर होऊ शकतो, एवढंच सांगितलं. ती म्हणाली, "चार म्हणजे चार. साडेचारला ते लोक येणार आहेत, हे मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं." तिचं काही चुकत होतं असं मला आजही म्हणता येत नाही.

परत आले तेव्हा बाबा गाडीच्या मागच्या दारात उभे होते. "भट्टी काढू," ते म्हणाले.

ती भट्टी त्यांनी हॉटेल बंद होताना मागून घेतली होती. कधीतरी आपली छोटी खाणावळ काढू, असं ते आईशी बोलताना मी ऐकलं होतं. माझ्याशी ते याबद्दल कधी बोलले नव्हते.

"बाबा, ती नाही निघणार. सगळ्यात आत आहे. जड सामान पुढच्या बाजूला हवं, असं मीच सांगितलं होतं."

"मग सगळं उतरवू."

"सगळं उतरवून परत चढवायला तीन तास लागतील."

शाळेत इंग्रजीच्या तासाला आम्हाला अमेरिकेतल्या त्या कुटुंबांबद्दल शिकवलं होतं, जी बैलगाड्यांतून महिनोन्‌महिने पश्चिमेकडे जात राहिली. बैल थकले की माणसं पेट्या, पलंग, लोखंडी चुली वाटेतच टाकून द्यायची, आणि त्या रस्त्याने जाणाऱ्या पुढच्या लोकांना आधीच्यांचं सामान दिसत राहायचं. तेव्हा ते मला परीक्षेपुरतं वाटलं होतं. इथे तर टाकून द्यायलाही बंदी होती. पोलीसबाईने बजावलं, "इथे काही सोडून जाता येणार नाही. कुणी घेत असेल तर द्या."

आई तेवढ्यात खाली उतरली होती. दाराजवळची कोठी तिने उघडली, ओंजळभर तांदूळ घेतले आणि सरळ खोळंबलेल्या ट्रकांकडे चालू लागली. तिला जर्मनचे दहा-बारा शब्द येतात. मी मागे धावले.

"आई, असं कुणालाही कसं विचारतेस?"

"तू नको विचारू. तू तिकडे उभी राहा."

पहिल्या ड्रायव्हरने मान हलवून खिडकीची काच वर केली. दुसरा फोनवर बोलत होता, त्याने हातानेच नाही म्हटलं. तिसऱ्या ट्रकच्या बाजूला दोघं उझबेक ड्रायव्हर गॅसच्या छोट्या शेगडीवर चहा करत होते. आईने ओंजळ पुढे केली. त्यांच्यातल्या वयाने मोठ्या असलेल्याने दोन दाणे दाताखाली धरले, चावले आणि दुसऱ्याला काहीतरी म्हणाला. त्यातला 'पलोव', म्हणजे त्यांचा पुलाव, एवढाच शब्द मला कळला.

"किती?" त्याने मोडक्या जर्मनमध्ये विचारलं.

आईला प्रश्न कळला असावा. तिने दोन्ही हात पसरून गाडीकडे बोट दाखवलं. तो हसला, मग ती थट्टा करत नाहीये हे त्याच्या लक्षात आलं. त्याने केबिनमधून स्वतःच्या अंथरुणावरची चादर काढली आणि ओल्या डांबरावर पसरली. आई म्हणाली, "अगं बाई, भिजेल की!" तिने आपल्या गादीवरचं प्लास्टिक आणून खाली घातलं आणि त्यावर कोठी ओतली. पांढरा ढीग वाढत गेला. ड्रायव्हरांनी खोकी, पाण्याचे रिकामे कॅन, जे मिळेल ते आणलं. रांगेतल्या आणखी काही जणांना त्यांनी हाक मारली. बाबा पिठाच्या बादल्या पोहोचवत होते, मी डाळ. बर्फाची भुरभुर चालूच होती आणि मी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते.

जेवढे डबे हाताशी येत होते तेवढे रिकामे झाले. बाकीचे कपाटामागे होते. शेवटचं छोटं पातेलं परत देताना तो मोठा ड्रायव्हर थांबला, केबिनमध्ये जाऊन आला आणि त्यात मूठभर अक्रोड टाकून मग आईच्या हातात दिलं. आईने आधी पातेल्यात पाहिलं, मग त्याच्याकडे. मग ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं.

गाडी पुन्हा पाट्यांवर घेतली. तीन हजार सहाशे.

अकरा वाजून गेले होते. पोलिसाने खांदे उडवले. त्याला वाईट वाटत होतं हे दिसत होतं, आणि तो सोडणार नाही हेही.

मी वहीतली शेवटची ओळ पुन्हा वाचली. मला उत्तर दिसत होतं, फक्त तोंडातून काढता येत नव्हतं. लहानपणापासून माझी हीच अडचण आहे. वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर होत नाही.

"बाबा," मी म्हणाले, "ते माणसांचंही वजन धरतात."

बाबांना लगेच कळलं. आईला एक क्षण लागला.

"म्हणजे आता आम्हीच जास्त झालो म्हण की," ती म्हणाली. "चला हो, उतरा. पोरीच्या गाडीत आपल्याला जागा नाही."

"आई, तसं नाही—"

"कळलं गं. चिडवायले मी."

बाबांनी मात्र हसण्याचा प्रयत्नही केला नाही. "तू एकटी? एवढ्या लांब?"

"तुम्ही शेजारी बसलात म्हणून ब्रेक लागत नव्हता, बाबा."

पोलीसबाईने मागच्या कुंपणातलं एक फाटक दाखवलं. तिथून शेतातली वाट खालच्या गावात जाते, गावातून आयझेनाखला बस आहे, पुढे ट्रेन. बाबांनी कागदांची पिशवी उघडली, स्वतःचा पासपोर्ट काढून घेतला आणि नोकरीचं पत्र माझ्या हातात दिलं. "हे तुझ्याकडे राहू दे," ते म्हणाले. मग दोघं निघाले. बाबा पुढे, आई दोन पावलं मागे, डोक्याला मफलर, हातात जेवणाचा डबा. मोकळ्या शेतातून जाणारी ती दोघं किती लहान दिसत होती. आई एकदा घसरली आणि बाबांनी वळून हात दिला. त्यांच्याशिवाय वजन केलं तेव्हा आकडा आला तीन हजार चारशे पंचावन्न. पोलिसाने तिन्ही आकडे लिहिलेला कागद मला दिला. "आता हळू जा," तो म्हणाला.

साडेअकरा वाजले होते आणि पुढे पावणेचारशे किलोमीटर.

गाडी आता मी सांगेन तशी थांबत होती. पण मागे रिकामी भांडी वाजायला लागली. प्रत्येक खड्ड्याला, प्रत्येक वळणाला कोठ्या एकमेकींवर आदळत होत्या. पहाटेपासून हा आवाज नव्हता, हे मला तेव्हा कळलं. गीझनच्या पुढच्या डोंगरांत वारा एवढा होता की उंच पुलांवर गाडी बाजूला सरकायची. मी स्टिअरिंग घट्ट धरून मोठ्याने स्वतःशी बोलत होते, "बघ, पुढे बघ, आरसा बघ." कोलोनच्या वळणरस्त्यावर शुक्रवारची गर्दी होती. दोन वाजून पन्नास मिनिटांनी मी तिथे थांबले होते आणि तीन वाजून वीस मिनिटांनीही जवळजवळ तिथेच. त्या अर्ध्या तासात मी बाबांना काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होते. एकही पुरं झालं नाही.

चार वाजून बावीस मिनिटांनी मी त्या घरासमोर दोन जागांवर तिरकी गाडी लावली आणि पळाले. घरमालकीण तिसऱ्या मजल्यावर दारात उभी होती, अंगात कोट.

"वडील कुठे आहेत?"

"ट्रेनमध्ये." मला धाप लागली होती. दुसरं काही सुचेना, म्हणून मी पोलिसांचा कागद पुढे केला.

तिने चष्मा लावला आणि सावकाश वाचला. "तीन हजार सातशे नव्वद. मग सहाशे. मग चारशे पंचावन्न." तिने वर पाहिलं. "हा पहिला फरक?"

"तांदूळ. डाळ आणि पीठ."

"आणि हा दुसरा?"

"आई आणि बाबा."

तिने कागद घडी करून मला परत दिला. मी नोकरीचं पत्र दिलं. तेही तिने वाचलं. मग करार खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. "तुम्ही सही करा. तुमच्या नावाने. वडिलांनी उद्या सकाळी नऊला येऊन त्याखाली सही करावी."

"मी अजून शिकतेय," मी म्हणाले. अशा वेळी असं कुणी बोलतं का?

"सही येते ना?"

मी सही करत होते तेव्हा खालची बेल वाजली. ती जिन्यात गेली. तिचं बोलणं ऐकू आलं, मग एका बाईचा हळू आवाज, मग बाबागाडी पायऱ्यांवरून परत खाली उतरवल्याचा ठक ठक आवाज. त्या लोकांनी पुढे काय केलं असेल, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. पण तो आवाज लक्षात राहिला आहे.

किल्ल्या हातात आल्यावर मी गाडीत बसून फोन लावला. बाबांनी पहिल्या घंटीला उचलला.

"मिळालं," मी म्हणाले. "सही मी केली."

मग मी सांगून टाकलं. "बाबा, पहाटे ती कोठी उचलली तेव्हाच मला कळलं होतं. बाकीचे डबे मी मुद्दाम बघितले नाहीत."

"मलाही माहीत होतं," बाबा म्हणाले. "आदल्या दिवशी अर्धे डबे तर मीच चढवले."

"मग बोलला का नाहीत?"

"तू वहीत लिहिलं होतंस ना. मला वाटलं, तू धरलं असशील."

"आणि मला वाटलं, तुमचा अंदाज कधी चुकत नाही."

आईने फोन घेतला. "घरात पहिलं काय नेलंस?"

"अजून काही नाही. भरलेले डबे सगळे आत अडकलेत."

"ते छोटं पातेलं कुठंय?"

ते मी आयझेनाखपासून माझ्या शेजारच्या जागेवर ठेवलं होतं, सांडू नये म्हणून पट्टा लावून. मी ते घेतलं, तीन मजले चढले आणि स्वयंपाकघराच्या मोकळ्या फरशीवर ठेवलं. मग लगेच खाली आले, कारण गाडी अजून दोन जागांवर तिरकी उभी होती.